कंबर चौदा इंच

"ओ भाऊ, त्या नालीचा ब्लाऊज शिवायचा हाय काय?"

पुनमनं असं विचारलं तेव्हा तो भाऊ तिच्या दुकानापुढं रस्त्यावर पालथा पडला होता. एक हात खांद्यापर्यंत नालीत, आणि त्या हातात पुनमची टेप. दोन मिनिटांआधी दारातून कुणीतरी "मॅडम, जरा टेप भेटंल काय?" म्हटलं होतं. पोळ्याच्या सणाचे ब्लाऊज अंगावर आलेले. पुनमनं हुकाला टाके घालता घालता, मान वर न करता, टेप देऊन टाकली. शेजारच्या फर्निचरवाल्याचा माणूस असेल, असं तिला वाटलं. आता बघते तर काय, जिनं अर्ध्या ब्रह्मपुरीच्या बायांची मापं घेतली ती टेप काळ्या पाण्यात बुडालेली.

तो उठून बसला. कपाळाला चिखल, केसात गवताची काडी, आणि चेहरा असा की जसं काही झालंच नाही.

"शिवायचा तं हाय," तो म्हणाला, "पण माप बसून नाई राह्यलं. वरतून तीस इंच, अन् रस्त्याखालच्या पाइपापाशी गेलं का चौदा."

"तिसावरून चौदा? एवढी बारीक कंबर तं नाटकातल्या हिरोइनीचीबी नसते."

तो हसला. आता हसायला काय, माणसं हसतातच... पण हा हसला तेव्हा त्याच्या उजव्या गालाला खळी पडली, आणि पुनमच्या हातातली सुई हुक सोडून बोटात शिरली. तिनं बोट तोंडात घातलं आणि ठणकावून सांगितलं, की नालीत गेलेली टेप तुम्हालाच लखलाभ, मले उद्या नवी आणून द्या.

नवी टेप दुसऱ्या दिवशी आली. तिच्यासोबत कागदात बांधलेले चार आलूबोंडे आले, आणि जुनी टेप डेटॉलनं धुऊन खिशात ठेवलेला तो स्वतः. त्याचं नाव प्रफुल. नागभीडकडच्या धान पिकवणाऱ्या घरचा, आणि एका संस्थेत कंत्राटावर कामाला.

पुनम राहायची त्या वस्तीचं नाव बोडीपुरा. एके काळी इथं बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. बोडी बुजवून लोकांनी घरं बांधली, पण हे पावसाला कुणी कळवलं नाही. तो अजून जुन्याच पत्त्यावर येतो. मागच्या वर्षी पुनमच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं आणि एका नवरीचे सात ब्लाऊज नालीच्या रंगाचे झाले. त्या नवरीची आई अजून पुनमशी बोलत नाही.

शहरात पडणारं पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठं तुंबतं, त्यात आपण काय काय फेकतो हे लोकांना समजावायचं, आणि लोकांनाच त्या कामात ओढायचं, अशासाठी सरकारी अनुदान निघालं होतं. चौकात दंडारीचं लोकनाट्य, शाळेत कार्यक्रम, नाल्यांवर रंगवलेल्या पाट्या, असं वर्षभराचं काम. अर्ज मात्र वस्तीतल्याच गटानं करायचा. बोडीपुऱ्यात पळस महिला बचत गट होता. पुनमची आई इंदुताई त्याची अध्यक्ष, आणि पुनम सचिव. म्हणजे ठरावाची वही आणि गोल शिक्का दोन्ही पुनमच्या ताब्यात.

अनुदान आलं तर प्रफुल वर्षभर ब्रह्मपुरीत. नाही आलं तर महिना संपताच त्याची रवानगी अहेरीला. दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी तेव्हा कुठं ते अहेरी येतं. हे त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. पुनम नुसतं 'बरं' म्हणाली, पण मनातल्या मनात तिनं अर्जावर शिक्का त्याच दिवशी मारला होता.

अर्जाला नाल्यांची मापं लागत होती. दुपारी दुकान अर्धं ओढून दोघं निघायचे. तो मोजायचा, ती लिहायची, आणि लिहायची कशात, तर आपल्या मापाच्या वहीत. तिच्यात छापील रकाने: नाव, छाती, कंबर, उंची, शेरा. नालीला छाती कुठून आणायची, असं प्रफुलनं विचारलं तेव्हा पुनमनं जागच्या जागी निकाल लावला. वरची रुंदी ती छाती, सगळ्यात अरुंद जागा ती कंबर, खोली ती उंची. शेऱ्यात ती जे दिसेल ते लिहायची. 'नीलाबाईच्या घरापुढची, कुरकुऱ्याच्या पुड्यांनी कोंबलेली.' 'शाळेमागची, मोकळी, गुणाची.'

मध्येच सर यायची. छत्री एकच, आणि ती धरायची वहीवर, कारण वही भिजली तर मापं गेली. मग वहीच्या जवळ यावंच लागायचं... दोघांनाही. पाणी छत्रीच्या काडीवरून त्याच्या मानेत शिरायचं आणि तो हलायचा नाही. पुनम अकरा नाल्यांची नावं फारच सावकाश लिहीत होती, हे आपल्यातच राहू द्या.

चौथ्या दिवशी तिनं 'भाऊ' म्हणणं सोडलं. आपल्याकडं ऑटोवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे भाऊच असतात, त्यामुळं ते सुटलं की लगेच कळतं.

"आज भाऊ नाई म्हटलं तुमी," प्रफुल म्हणाला.

"विसरली."

"असंच रोज विसरत जा."

इथवर सगळं झकास चाललं होतं. आणि मग चंद्रपूरहून स्वाती आली.

स्वाती संस्थेच्या मोठ्या ऑफिसातली. अर्ज भरण्यात तिचा हातखंडा, म्हणून तिला चार दिवसांसाठी पाठवलेलं. बोलणं पुस्तकातल्यासारखं, हसणं मोकळं, कानात चांदीचे झुमके. लॅपटॉपवर तिची बोटं अशी चालायची की पुनमची शिलाई मशीन लाजावी. इंदुताईला ती पहिल्याच चहात आवडली. पुनमला म्हणाल तर... कानामागून आली अन् तिखट झाली, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. नाल्या मोजल्या कुणी? चिखल तुडवला कुणी? आणि आता बाईसाहेब खुर्चीत बसून "खूप छान डेटा आहे हा" म्हणणार, आणि प्रफुल मान हलवणार. सोमवारी तो तिला 'स्वाती मॅडम' म्हणत होता. मंगळवारी दुपारी मॅडम गळालं. पुनमनं ते बरोबर ऐकलं. असल्या बाबतीत तिचा कान फार तिखट.

बुधवारी ती चहा घेऊन समाजमंदिरात गेली आणि दारातच थबकली. स्वाती उभी राहून नकाशा दाखवत होती, आणि तिच्या गळ्यात पिवळी टेप होती. पुनमची टेप! नाल्या मोजताना खूण म्हणून चौदा इंचावर पुनमनं स्वतः बांधलेला लाल दोरा त्या गोऱ्या गळ्यावर झोके घेत होता. पुनमनं कप खाली ठेवले आणि चहा न देताच परत फिरली.

संध्याकाळी शेजारच्या नीलाबाईनं आगीत तेल ओतलं. त्या बाईला बातमी पचत नाही, हे अख्ख्या बोडीपुऱ्याला ठाऊक. ती झेरॉक्सच्या दुकानात गेली होती म्हणे, तिथं प्रफुलचा कागद पडला होता, आणि त्यावर टाइप केलेलं होतं: प्रफुल, आणि त्याच्या खालीच, जोडीदार, स्वाती. नीलाबाईनं चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"लगनाचाच कागद असंल," ती म्हणाली. "आजकाल सगळं टाइप करूनच होते."

पुनमनं त्या संध्याकाळी एका ब्लाऊजला बाह्या उलट्या लावल्या. प्रफुल दारावरून जाताना "येतो" म्हणाला, तर ही म्हणाली, "या, प्रफुलभाऊ." भाऊवर इतका जोर दिला की तो पायरीवर अडखळला.

अर्जाची मुदत शुक्रवार संध्याकाळ, तीही चंद्रपुरात. म्हणजे शुक्रवारी सकाळच्या बसनं कागद निघायला हवे. गुरुवारी सकाळी इंदुताईनं शिक्का मागितला आणि पुनम म्हणाली, सापडून नाई राह्यला.

खरं तर तो सापडण्यासारखाच होता. बटणांच्या डब्यात, खालून दुसऱ्या थरात. पुनमनं तो पहाटे एकदा काढला, ठरावावर मारायला शाईही लावली, मग तो लाल दोरा डोळ्यांपुढं आला आणि तिनं शिक्का परत बटणांत खुपसला. जाऊ दे अहेरीला. मला नाही तर तिलाही नाही. हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे हे तिला कळत होतं, पण मत्सराला कुठं कळतं हो. इंदुताईनं कपाट उपसलं, गटातल्या बायांनी ट्रंका उघडल्या, नीलाबाईनं देवाला नारळ बोलला. पुनमही सगळ्यांसोबत शोधत होती, आणि तिला स्वतःची शिसारी येत होती.

दुपारी दुकानात तिनं तो शिक्का पुन्हा एकदा काढून चाचपला आणि परत बटणांत लपवला, तोच प्रफुल आला. काखेत पांढरं कापड.

"कुर्ता शिवून पाह्यजे."

"जेंट्स नाई शिवत मी."

"नाल्या मोजते, अन् माणूस मोजत नाई?"

"लग्नाचा हाय काय कुर्ता?" तिनं विचारलं.

"अहेरीले जाची तयारी," तो म्हणाला. "शिक्का नाई, तं अर्ज नाई. अर्ज नाई, तं परवा मी नाई. जाताना तुह्या हातचं काही अंगावर असावं म्हटलं..."

तिनं टेबलावरची टेप उचलली, तर त्यानं खिशातून जुनी पिवळी काढून पुढं केली. ह्याच्यानंच घे, म्हणाला. लाल दोरा जिथल्या तिथं होता.

छाती मोजायची तर टेप पाठीमागून फिरवावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही हात त्या माणसाभोवती न्यावे लागतात. हजार बायांची मापं घेतलेली पुनम, पण ही अडचण तिच्या आजच लक्षात आली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. त्याच्या शर्टाला डेटॉलचा आणि ओल्या मातीचा वास होता.

"श्वास सोड. माप चुकते."

"तूच सोड पयले," तो हळूच म्हणाला.

अडतीस. कंबर बत्तीस. मग गळा. तिथं मात्र तिचा हात जरा जास्तच आवळला गेला.

"गळा दाबते काय माहा?"

"ज्याचा दाबायचा हाय तो इथी नाई," पुनम म्हणाली. "काल ही टेप मिरवत होता तो गळा."

प्रफुलच्या डोक्यात उजेड पडला असावा. त्यानं सांगितलं, की स्वातीनं टेबलावरून सहज उचलून गळ्यात घातली होती, आणि त्यानं लगेच मागून घेतली. जोडीदार म्हणून कुणाचं नाव लिहिलं, हेही पुनमनं विचारून घेतलं. तेव्हा तो इतका हसला की टेप सुटली.

"अर्जात जोडीदार संस्था लिहा लागते. तिकडून स्वातीची सही, इकडून तुह्या मायची. त्या हिशोबानं तं स्वाती तुह्या मायचीबी जोडीदार झाली."

पुनमला हसू येत होतं, पण पुढचं ऐकून ते विरलं.

"पण खोटं नाई बोलत," तो म्हणाला. "तिनं विचारलं होतं मले. चंद्रपूरले ये म्हणे, पक्की नोकरी हाय. अन्... बाकीचंबी बोलली."

"मंग?"

"मंग काय. नाई म्हटलं."

"काऊन?"

"तिथल्या नाल्या लय रुंद हायेत. टेपीची गरजच पडत नाई."

आता काय करावं, कुठं बघावं? पुनमनं घाईघाईनं ते पांढरं कापड उचलून तोंडापुढं धरलं, घडी घालायचं निमित्त करून. आणि घडी घातली तेव्हा कापडावर जांभळा अंगठा उमटलेला होता. ठसठशीत, ताजा. शिक्क्याच्या शाईचा.

प्रफुलनं अंगठा पाहिला, मग तिचा हात पाहिला. तो काही विचारणार त्याच्या आधी तिनंच बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. बटणं गडगडत चारी दिशांना गेली आणि मध्ये शिक्का उरला.

"हरवला नाई. मीच लपवला," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात माही टेप पाह्यली तवापासून पोटात नुसता इस्तो पेटला. तू तिचा झाला असं वाटलं, तं म्हटलं अहेरीले गेलेला बरा. जळत होती मी, प्रफुल. आणखी काय सांगू."

त्याच्या गालाला खळी पडली नाही. "माह्यावर राग होता तं माह्यावर काढाचा," तो म्हणाला. "नीलाबाईच्या घरात दरसाल पाणी शिरते. तिनं काय केलं तुहं?"

त्यानं शिक्का उचलला, ठरावाची वही मागितली आणि कापड तिथंच ठेवून गेला.

बटणं वेचून झाल्यावर पुनमनं मापाची वही उघडली. अकरा नाल्या संपत होत्या तिथंच पुढची ओळ रिकामी होती. सवयीनं तिनं त्याची मापं लिहिली. शेऱ्याच्या रकान्याशी तिचा पेन थांबला, मग तिथंही काहीतरी लिहून तिनं वही मिटली, आणि कुर्ता शिवायला बसली. अंगठ्याचा डाग तिनं आतल्या बाजूला, डाव्या खिशाच्या खाली घेतला.

शुक्रवारी सकाळी स्वाती कागदांचा गठ्ठा घेऊन बसनं गेली. मापांची प्रत हवी म्हणून इंदुताईनं ती वही पहाटेच झेरॉक्सला नेली होती. अर्ज वेळेत पोचला. निकाल लागेपर्यंत प्रफुल ब्रह्मपुरीतच राहणार होता. तो कुर्ता न्यायला आला, घडी उलगडून पाहिली, आणि म्हणाला, "चांगला शिवला, ताई."

ताई! पुढचे तीन आठवडे तो येताजाता कामापुरतं बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ताई लावायचा. जशास तसं म्हणतात ते हेच, आणि तिला ते गिळावं लागलं.

मग पाहणीचा दिवस आला. चंद्रपूरहून अनुदान खात्याचे अश्वजित साहेब आले, सोबत स्वाती. साहेब वयस्क, काटकुळे, प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय पान न उलटणारे. समाजमंदिरात अख्खा बोडीपुरा जमला होता. प्रफुलच्या अंगात तोच पांढरा कुर्ता होता.

"हे छाती, कंबर म्हणजे काय?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

इंदुताईनं पुनमला कोपरानं ढोसलं. पुनम उठली आणि सांगत गेली. आपली नाली वरून तीस आहे साहेब, पण पाइपापाशी कंबर चौदाची. तीसच्या छातीचं पाणी चौदाच्या कंबरेतून कसं उतरेल? ते मागं फिरतं आणि घरात शिरतं. त्यातच आपण वरून पुड्या कोंबतो, म्हणजे कंबर दहावर येते. "माह्या दुकानात बाई येते अन् म्हणते, अंगाले बसत नाई. ब्लाऊज उसवता येते. नालीले कोण उसवंल? तिच्यात कोंबनं तं आपल्याच हातात हाय ना."

बाया खदखदून हसल्या. नीलाबाई मात्र हसता हसता खाली बघायला लागली, कारण पुड्या तिच्याच दारापुढच्या होत्या. अश्वजित साहेब म्हणाले, मोठमोठ्या नकाशांवरून त्यांना जे समजावता आलं नाही ते या मुलीनं कंबरेवरून समजावलं, आणि अनुदानाची शिफारस आजच जाईल. टाळ्या पडल्या. पुनमनं प्रफुलकडं पाहिलं. तोही तिच्याकडंच बघत होता, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या गालाला खळी पडली.

साहेब पुढं एकेक नाली वाचून टिक मारत होते. शाळेमागची. देवळाजवळची. अकरा झाल्या.

"बारावी," साहेब म्हणाले. "नाव, प्रफुल. ही नाली कुठं आहे?"

पुनम कागद ओढून घ्यायला पुढं झाली, पण साहेब एकेक शब्द नीट लावून वाचत होते.

"छाती अडतीस, कंबर बत्तीस. शेरा..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शेरा, 'हा माहा हाय, कोणाले द्यायचा नाई.'"

समाजमंदिरात अशी सामसूम झाली की बाहेरच्या नालीतलं पाणी ऐकू आलं. स्वाती खाली बघून हसली. जरा उशिरा, पण हसली. नीलाबाईनं शेजारणीला काय वाचलं म्हणून विचारलं आणि शेजारणीनं ते मोठ्यानं सांगितलं. इंदुताई लेकीकडं बघतच राहिली.

प्रफुल उभा राहिला. "ती नाली नाई साहेब. तो मी आहो."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बहुतेक मापं ताडून पाहिली. "मग हा शेरा बरोबर आहे?"

"बराबर हाय," प्रफुल म्हणाला. "मी तपासून पाह्यला."

"ठीक." साहेबांनी बाराव्या ओळीपुढं टिक मारली, पान उलटसुलट केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण या पानावर गटाचा शिक्का नाही. शिक्क्याशिवाय मला काहीच धरता येत नाही. सचिव कोण?"

पुनम पुढं आली. आईनं पिशवीतून शिक्का काढून तिच्या हातात दिला. शाईचा डबा प्रफुलनं उघडून धरला, इतक्या जवळ की कुर्त्याचा नवा वास तिला आला.

"दाबून मार, पुनम," तो तिच्यापुरतं म्हणाला. ताई नाही म्हणाला.

तिनं शिक्का शाईत बुडवला, बाराव्या ओळीवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी दाबला.